आंतररुग्णातील वाढलेली रक्तशर्करा : वैद्याचे कर्तव्य

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेले इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झै. दा. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर या विद्वानांच्या परिश्रमांतून सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याचे कोठार, पाण्यासाठी खोदलेला पाट, आणि जळक्या दाण्यांच्या रूपाने टिकून राहिलेले धान्य. त्या धान्यात प्रमुख होता तो यव, म्हणजे आपला सातू.

प्रमेहाच्या पथ्यात चरक आणि सुश्रुत या दोन्ही आचार्यांनी यवाला अग्रस्थान दिले आहे, हे वाचकांस सांगणे न लगे. इनामगावकर यव खात होते म्हणून त्यांस प्रमेह नव्हता, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु आज त्याच शिवारात घोड धरणाच्या पाण्यावर ऊस डुलतो आहे, सातू शोधूनही सापडत नाही, आणि शिरूर-दौंड पट्ट्यातील कोणत्याही लहान रुग्णालयाच्या सामान्य कक्षात डोकावले तर दहापैकी दोन-तीन खाटांपाशी ग्लुकोमीटरच्या नोंदींचा कागद लटकलेला आढळतो, हे आम्ही नित्य पाहतो. हे रुग्ण मधुमेहासाठी दाखल झालेले नसतात. कोणी न्यूमोनियासाठी, कोणी पायाच्या जखमेसाठी, कोणी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला असतो. साखर ही त्यांच्या आजाराची सोबतीण असते, आणि पुष्कळदा मूळ आजारापेक्षा तीच अधिक घात करते.

प्रस्तुत लेखात अतिदक्षता विभागाबाहेरच्या अशा प्रौढ रुग्णांचा विचार करावयाचा आहे. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू-भगिनी लहान रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी सांभाळतात, तर अनेकांचे जुने रुग्ण अशा रुग्णालयांत दाखल होतात. म्हणून हा विषय परका नाही.

एक अनुभव

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवी घेऊन आम्ही तालुक्याच्या एका लहान रुग्णालयात रात्रपाळी करीत होतो आणि सायंकाळी आपला छोटा दवाखाना चालवीत होतो. आमच्याच दवाखान्यातील एक साठीचे शेतकरी तेथे दाखल झाले. उसाचा बुडखा पायात घुसून जखम चिघळली होती, अंगात ताप होता. दाखल होताना साखर ३४२ होती. केसपेपरवर नेहमीचा आदेश लिहिला गेला : दर आठ तासांनी साखर पाहावी, दोनशेच्या वर असल्यास अमुक युनिट, तीनशेच्या वर असल्यास तमुक युनिट. घरी चालू असलेली ग्लिमेपिराइडची गोळीही तशीच चालू ठेवली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जखम साफ करण्याची शस्त्रक्रिया ठरली, म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवले. सकाळची गोळी मात्र परिचारिकेने नेमाने दिली, कारण ती बंद करावी असे कोणीच लिहिले नव्हते. भूलतज्ज्ञांस उशीर झाल्याने शस्त्रक्रिया दुपारवर गेली. अकराच्या सुमारास रुग्णाला दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्या खाटेवरचे म्हणाले, ‘‘म्हातारा घाबरलाय ऑपरेशनला.’’ आमची पाळी संपली होती, आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. मनात शंका आली म्हणून साखर तपासली, ती ३८ निघाली.

पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजच्या शंभर मिलिलिटरने त्यांस शुद्ध आली. पाठोपाठ त्यांच्या पत्नी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, मी बाहेरचं काही दिलं नाही. सकाळी फक्त तुमचंच चूर्ण दिलं, रोजच्यासारखं.’’

त्या वाक्याने आम्ही आतून हललो. गुडमार असलेले ते चूर्ण आम्हीच दिलेले. ते केसपेपरवर नव्हते. दाखल होताना कोणी विचारले नव्हते, आणि आम्ही स्वतः त्याच कक्षात रात्रभर असूनही लिहिले नव्हते. साखर इतकी उतरण्याचे मुख्य कारण उपाशीपोटी दिलेली गोळी होती, यात शंका नाही. चुर्णाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. परंतु ज्या औषधाची नोंदच नाही त्याचा हिशेब कोण मांडणार?

पुढची गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. त्या प्रसंगाने सारेच धास्तावले. दिवसभर इन्सुलिन कोणी दिले नाही, सलाईनमधून मात्र डेक्स्ट्रोज चालू राहिले. रात्री आम्ही पाळीवर आलो तेव्हा साखर ४१० होती. जखम भरण्यास दीड महिना लागला, पायाचे एक बोट गमवावे लागले. रुग्ण पुन्हा शेतात उभे राहिले, हे त्यांचे आणि आमचेही भाग्य.

साखर का वाढते आणि का छळते

आजार, ताप, वेदना, शस्त्रक्रिया यांमुळे शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलीन, ग्लुकॅगॉन यांसारखे स्राव वाढतात. यकृत अधिक साखर रक्तात सोडते, आणि स्नायूंवर इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. त्यात स्टिरॉइडची भर पडली, हालचाल थांबली, सलाईनमधून साखर गेली की मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. डेक्स्ट्रोज पाच टक्के असलेल्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, हे बाटली लावताना ध्यानात राहत नाही.

दाखल रुग्णाची साखर १४० मिलिग्रॅमच्या वर असल्यास तिला वाढलेली समजावे. अशा वेळी एचबीए१सी तपासावे. ते ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह पूर्वीचाच असून आज उघडकीस आला, असे समजावे. त्याहून कमी असल्यास ही आजारपणाची तात्पुरती वाढ असू शकते. मात्र अशा रुग्णास ‘‘तुम्हाला काही नाही’’ असे सांगून सोडू नये, बरे झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. रक्तक्षय असल्यास किंवा नुकतेच रक्त दिले असल्यास एचबीए१सी फसवे ठरते, हेही स्मरावे.

वाढलेल्या साखरेने श्वेतपेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती घटते, जखमा भरत नाहीत, लघवीवाटे पाणी जाऊन शरीर शुष्क होते. प्रमेहपिडकांचे सुश्रुतोक्त वर्णन वाचताना आचार्यांनी हेच डोळ्यांनी पाहिले असावे असे वाटते. २०२१ सालच्या दुसऱ्या करोना लाटेत महाराष्ट्राने याचा भयंकर प्रत्यय घेतला. डेक्सामिथॅसोनचा उपयोग ‘रिकव्हरी’ या ब्रिटिश अभ्यासाने जून २०२० मध्ये दाखवून दिला होता. मात्रा होती दिवसाला ६ मिलिग्रॅम, तीही प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांस. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अधिक मात्रेत, अधिक दिवस, आणि साखर न पाहता स्टिरॉइड दिले गेले. त्यातून म्युकरमायकोसिसने कित्येकांचे डोळे व जबडे हिरावले. जंतू जुनाच होता, अनियंत्रित साखरेने त्याला वाट करून दिली.

कृश मधुमेही

चरकाचार्यांनी प्रमेही रुग्णांचे दोन वर्ग केले : स्थूल व बलवान, आणि कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. आपल्या भागातील शेतकरी रुग्ण बहुधा दिसायला कृशच असतो, म्हणून ‘‘याला कसला मधुमेह’’ असे आपण सहज म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या भ्रमावर नेमके बोट ठेवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा त्यांनी अभ्यास केला, आणि जन्मतः कृश दिसणाऱ्या बालकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे दाखवले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा शरीरभार-निर्देशांक एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा रुग्ण कृश आहे म्हणून साखर न तपासणे, ही चूक आपल्या मातीत तरी परवडणारी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांस मधुमेह आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढाची साखर एकदा तरी तपासावी, हा नियम त्यावरून सहज सिद्ध होतो.

किती साखर योग्य?

येथे अतिरेक दोन्ही बाजूंनी घातक आहे. २००१ साली बेल्जियममधील एका अभ्यासानंतर अतिदक्षता विभागात साखर अगदी निरोगी माणसासारखी राखावी, असा मतप्रवाह आला. पुढे २००९ साली ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात तसे कडक नियंत्रण केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण उलट अधिक आढळले : २७.५ टक्के विरुद्ध २४.९ टक्के. तो अभ्यास अतिदक्षता विभागातील असला तरी त्याचा धडा सर्वांनी घेतला. सामान्य कक्षातील रुग्णांसाठी अमेरिकेतील एण्डोक्राइन सोसायटीने २०१२ साली मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०२२ साली ती सुधारली. व्यवहारात साखर १०० ते १८० यांदरम्यान राहिली तर पुरे. १८० च्या वर पुनःपुन्हा जात असल्यास उपचार सुरू करावेत. वृद्ध, वृक्कविकारी व अंतिम अवस्थेतील रुग्णांत थोडी अधिक साखर चालेल, पण ७० च्या खाली कोणाचीही जाऊ नये.

‘स्लायडिंग स्केल’चा सापळा

आमच्या अनुभवातील तो आदेश ‘स्लायडिंग स्केल’ म्हणून ओळखला जातो. साखर चढली की इन्सुलिन, न चढली तर काही नाही. हे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. साखर आधी चढू द्यावयाची आणि मग तिच्यामागे धावावयाचे, अशाने ती दिवसभर वरखाली हेलकावत राहते. २००७ साली अमेरिकेत डॉ. गिलेर्मो उम्पिएरेझ यांनी पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या १३० रुग्णांत दोन पद्धतींची तुलना केली. नियोजित इन्सुलिन दिलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्णांची साखर १४० च्या खाली आली, केवळ स्लायडिंग स्केलवर असलेल्यांपैकी फक्त ३८ टक्क्यांची.

नियोजित पद्धतीचे सूत्र सोपे आहे. दिवसाच्या एकूण मात्रेचा अर्धा भाग दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन, उरलेला अर्धा भाग तीन जेवणांपूर्वी विभागून. ६० किलो वजनाच्या रुग्णास किलोमागे ०.४ युनिट धरल्यास दिवसाचे २४ युनिट होतात : १२ दीर्घकालीन, आणि प्रत्येक जेवणापूर्वी ४. वृद्ध व वृक्कविकारी रुग्णांत किलोमागे ०.२ ते ०.३ युनिटच धरावेत. जेवणार नसेल त्याने जेवणाचे इन्सुलिन टाळावे, पण दीर्घकालीन मात्रा पूर्णतः बंद करू नये, प्रसंगी घटवावी. मात्रेचा निर्णय उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा. परंतु सूत्र ठाऊक असलेला निवासी अधिकारी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारू शकतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती पुस्तकात नसते. इन्सुलिन आठला दिले जाते, आणि गावाहून एसटीने येणारा डबा दहाला पोहोचतो! म्हणून ताट समोर आल्यावरच जेवणाचे इन्सुलिन द्यावे, हा नियम परिचारिकांस समजावून सांगावा. नातेवाईक प्रेमाने आणतात ते शहाळे, फळांचा रस, गोड चहा आणि एकादशीची साबुदाणा खिचडी यांचीही विचारपूस करावी.

तपासणी जेवणाऱ्या रुग्णात प्रत्येक जेवणापूर्वी व झोपताना, उपाशी असलेल्यात दर चार ते सहा तासांनी करावी. सकाळी स्टिरॉइड घेणाऱ्याची साखर दुपारनंतर चढते, म्हणून केवळ उपाशीपोटीची तपासणी करून निश्चिंत राहू नये.

गोळ्यांचे काय?

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशी वा जेमतेम जेवणाऱ्या रुग्णास धोक्याच्या. वृक्क दुर्बल असल्यास त्यांचा प्रभाव लांबतो, आणि एकदा शुद्ध आली तरी साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून चोवीस तास लक्ष ठेवावे. वृक्कविकार, जंतुदोषाने रक्तदाब उतरणे, किंवा रंगद्रव्य टोचून होणारे सीटी स्कॅन असता मेटफॉर्मिन थांबवावे लागते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे २०२० नंतर स्वस्त झाल्याने गावोगावी पोहोचली आहेत. ती शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवावीत. त्यांच्यामुळे साखर फारशी न चढताही किटोआम्लता होऊ शकते. मधुमेही रुग्णास उलट्या, पोटदुखी व खोल जलद श्वास असल्यास ग्लुकोमीटरचा आकडा पाहून स्वस्थ बसू नये. किटोन तपासावेत आणि तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

साखर ७० च्या खाली गेल्यास शुद्धीवरील रुग्णास १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावे. आणि मग, आमच्याकडून झाले तसे, घाबरून सारे इन्सुलिन बंद करू नये. उतरण्याचे कारण शोधून मात्रा सुधारावी.

औषधी-विक्रेत्यांस विनंती

आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनमधील १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. ४० च्या कुपीला १०० ची सिरिंज दिली तर रुग्णास निम्म्याहून कमी मात्रा मिळते. उलट झाल्यास अडीचपट जाते, आणि ती प्राणघातक ठरू शकते. काउंटरवर कुपी व सिरिंज एकत्र पाहूनच द्यावी. इन्सुलिन २ ते ८ अंशांवर ठेवावे, गोठू देऊ नये. वीज गेल्यावर फ्रीज किती वेळ बंद होता, हे आपल्याखेरीज कोणास ठाऊक असणार?

आपल्या औषधांविषयीही स्पष्ट बोलावे लागेल. आसव-अरिष्टांत गूळ वा मध असतो, अवलेहांत साखर. ‘‘आयुर्वेदिक आहे, चालतं’’ असे म्हणून दाखल रुग्णाच्या हाती अवलेहाची बरणी देऊ नये. याउलट, काही अनामिक ‘मधुमेहनाशक’ चुर्णांत आधुनिक गोळ्यांची भुकटी मिसळलेली आढळली आहे. लेबल नसलेले चूर्ण साखर झपाट्याने उतरवीत असेल तर आनंद मानू नये, संशय घ्यावा. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, तीही आपल्याच प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी समजावी.

आपले स्थान

मग आयुर्वेदाचे काय, असे कोणी विचारील. विजयसार, गुडमार, आवळा-हळद यांचे स्थान स्थिर अवस्थेतील, बाह्यरुग्ण विभागातील मधुमेह्यांत आहे, आणि तेथे आपण अभिमानाने काम करावे. तीव्र आजाराने दाखल झालेल्या रुग्णात साखर तासातासाने बदलते, तेथे इन्सुलिनला पर्याय नाही. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. बल, काल व अवस्था पाहून चिकित्सा करावी, हे आपलेच शास्त्र सांगते.

परंतु रुग्णालयाच्या दारात आपले काम संपत नाही. रुग्ण घरी परततो तो आपल्याकडेच. इन्सुलिन किती दिवस, गोळ्या कोणत्या पुन्हा सुरू, पुढील तपासणी कधी, याचा कागद घेऊनच त्याने घरी यावे, असा आग्रह आपण धरावा. पायाची रोजची तपासणी, चालणे आणि ताटातले धान्य हे विषय आपल्याइतके कोण समजावील? सातू पुन्हा ताटात आणावयाचा असेल तर तो याच वेळी, चिठ्ठीवर लिहून.

आमच्या दवाखान्यात त्या दिवसापासून एक नियम आहे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णास आम्ही एक कार्ड देतो. त्यावर आपल्या चुर्णासह सर्व औषधे मराठीत लिहिलेली असतात, आणि खाली एकच ओळ : ‘रुग्णालयात दाखल होताना हे कार्ड प्रथम दाखवावे.’ कार्डाचा खर्च फारसा नाही. त्या माउलीसारखे ‘‘तुमचंच चूर्ण दिलं’’ हे वाक्य पुन्हा ऐकण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

इत्यलम्।